उरलेल्या रांगोळीचा हिमालय

दिवाळी झाली की आमच्या घरी रांगोळीचे अर्धे-अर्धे पुडे उरतात. या वर्षी त्यातल्या पांढऱ्या आणि लाल पुड्यांचा मी हिमालय केला.

भाची सातवीत आहे, सुट्टीला आली होती. तिच्या भूगोलाच्या वहीत वली पर्वताची आकृती होती. दोन बाजूंनी दोन बाण, मधे लाटांसारखे थर, वर आलेल्या बाकाला अपनती, खाली गेलेल्याला अभिनती. रेघा अगदी सुबक. "मावशी, बरोबर आहे ना?" आकृती बरोबरच होती. पण मी अकरा वर्षं हिमाचल आणि उत्तराखंडात बोगद्यांवर भूवैज्ञानिक म्हणून काम केलंय, आणि या आकृतीत जे नाही तेच मला तिथं रोज भेटत होतं. त्यामुळे नुसतं 'हो' म्हणून वही परत देववेना.

माळ्यावर माशांची जुनी काचेची टाकी पडून होती, दोन फूट लांब. ती धुऊन कोरडी केली. एका बाजूला लाकडी फळी उभी केली, टाकीच्या रुंदीत नेमकी बसेल अशी. मग अर्धा सेंटीमीटर चाळलेली वाळू, तिच्यावर पांढरी रांगोळी, पुन्हा वाळू, लाल रांगोळी, वाळू, पांढरी. एकूण 3 सेंटीमीटर जाडी. भाचीनं पोस्टकार्डानं प्रत्येक थर इतका सारखा केला की काचेतून बघताना बर्फीच्या थरांसारखा दिसत होता. नेमका वाईच्या आमच्या डोंगरांसारखा, असं मी तिला म्हटलं. मांढरदेवचा डोंगर बघा, पांडवगड बघा, महाबळेश्वरपर्यंत चढत गेलेल्या पायऱ्या बघा. सगळे लाव्ह्याचे थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जसे आडवे पसरले तसेच आजही जवळजवळ आडवे. आमचे डोंगर कुणी उभे केलेले नाहीत. नद्यांनी आजूबाजूचं कोरून नेलं आणि उरलं ते डोंगर. ते थर निवत होते तेव्हा भारताची भूमी अजून हिंदी महासागरात होती, उत्तरेला सरकत होती, आणि हिमालय नव्हताच.

"आता ढकल," म्हटलं. "हळू. गोगलगायीसारखं."

पहिले एक-दोन सेंटीमीटर काहीच झालं नाही असं वाटलं. मग फळीच्या पुढ्यात जमीन जराशी फुगली. भाची म्हणाली, "वली!" आणि तेवढ्यात काचेला लागून एक तिरकी रेघ उमटली. तळापासून निघून पुढे वर आलेली, फळीच्या बाजूला कललेली. त्या रेघेवरून मागचा सगळा ठोकळा पुढच्यावर चढायला लागला. खालची पांढरी रांगोळी वरच्या लाल रांगोळीच्या डोक्यावर जाऊन बसली. आणखी ढकललं तशी ती रेघ थकली, आणि तिच्या पुढे, अजून सपाट असलेल्या वाळूत, दुसरी रेघ फुटली. मग तिच्या पुढे तिसरी. 20 सेंटीमीटर ढकलून झालं तेव्हा चार रेघा होत्या, चार ठोकळे कौलांसारखे एकमेकांवर रेललेले, आणि फळीपाशी 3 सेंटीमीटरच्या जागी 8 सेंटीमीटर उंच ढीग. टाकीच्या दुसऱ्या टोकाला थर अजून जसेच्या तसे.

भाची बराच वेळ काचेला नाक लावून बघत होती. "म्हणजे घडी नाही पडली, एकावर एक रचले गेले."

मला इतकंच सांगायचं होतं. टेबलक्लॉथ दोन हातांनी सरकवला की सुरकुत्या पडतात, तसा हिमालय झाला असं आपण शाळेपासून ऐकतो. वळ्या खऱ्याच आहेत, डोळ्यांना दिसतात, फोटोतही छान येतात. पण उंची वाढवण्याचं मुख्य काम त्या तिरक्या रेघांचं. त्यांना आम्ही थ्रस्ट म्हणतो. कवचाची जाडी वाढते ती एकाच थराच्या चकत्या एकमेकींवर चढून, चपात्यांची चळत वाढते तशी. आणि बऱ्याचशा वळ्या तर या चढण्यातूनच होतात. थ्रस्ट सगळीकडे सारखा तिरका नसतो. मऊ थरातून जाताना तो आडवा सरकतो, कठीण थर आला की जिन्यासारखा वर चढतो, पुन्हा मऊ थर मिळाला की आडवा. वरून येणाऱ्या चकतीला त्या जिन्यावरून जाताना वाकावंच लागतं. तो बाक म्हणजे वहीतली अपनती.

हे खऱ्या जमिनीवर बघायचं असेल तर सहारनपूरहून डेहराडूनला रस्त्यानं जावं आणि तसंच पुढे मसुरीला. मी या वाटेनं किती वेळा गेले असेन त्याची गणती नाही. विमानानं जाणाऱ्या सहकाऱ्यांना नेहमी सांगायचे, एकदा तरी बसनं या.

मैदान ताटासारखं सपाट असतं. मोहंड गाव आलं की कसलीही प्रस्तावना न करता टेकड्या उभ्या राहतात. त्या टेकड्यांच्या पायथ्याशी हिमालयाची सगळ्यात पुढची, सगळ्यात तरुण रेघ आहे. टाकीतली शेवटची फुटलेली रेघ म्हणा. रस्ता आत शिरला की दोन्ही बाजूंना करड्या वाळूच्या दगडाचे जाड थर, सगळे उत्तरेकडे कललेले. दगड इतका कच्चा की नखानं कण सुटतात. पुढे डाटकाली मंदिराच्या बोगद्याकडे चढताना गोट्यांचे थर लागतात, नदीतल्यासारखे गुळगुळीत गोल गोटे, पण भिंतीत तिरके बसवलेले. हे शिवालिक. आणि ते नदीतलेच आहेत. हिमालय चढत होता, झिजत होता, नद्या त्याचा गाळ आणून पायथ्याशी ओतत होत्या. जवळजवळ दोन कोटी वर्षं हे चाललं, काही किलोमीटर जाडीचा गाळ साठला. मग पुढची रेघ या गाळातूनच फुटली आणि डोंगरानं स्वतःचीच माती उचलून डोंगर केला. मला या सगळ्या विषयात याहून थोर गोष्ट माहीत नाही.

मोहंड राव नावाची तिथली नदी बहुतेक वर्ष कोरडी असते. राव म्हणजे तिकडच्या भाषेत असली बरसाती नदी. तिच्या काठावर आजच्या पात्रापेक्षा वीस-तीस मीटर उंच जुन्या पात्राचे सपाट कट्टे आहेत. त्यांचं वय काढलं गेलंय, सुमारे 3,600 वर्षं. म्हणजे जमीन दरवर्षी सरासरी 7 मिलिमीटर उचलली गेली. थ्रस्ट साधारण 30 अंशांनी कललेला धरला तर 7 मिलिमीटर वर येण्यासाठी त्याच्यावरून 14 मिलिमीटर सरकावं लागतं. दहावीची त्रिकोणमिती. त्या कट्ट्यावर बसून डबा खाताना मी हा हिशेब प्रत्येक नव्या ट्रेनी मुलाकडून करून घ्यायची.

बोगदा ओलांडला की दून. दून म्हणजे पुढची टेकडी उचलली गेल्यामुळे तिच्या मागे राहिलेली खोलगट जागा. डेहराडून तिथं वसलंय. शहर संपून राजपूरपाशी मसुरीचा चढ सुरू होतो आणि तिथं दुसरी रेघ ओलांडली जाते, मेन बाउंड्री थ्रस्ट. नकाशावर जाड काळी रेघ असते, आणि रेघेवर छोटे त्रिकोण, वर चढलेल्या बाजूला. जागेवर मात्र झाडी, घसरलेली माती, चहाच्या टपऱ्या. पण पायाखालचं जग बदलतं. मसुरीचे खडक पन्नास-साठ कोटी वर्षांपूर्वीचे आणि त्याहूनही जुने, आणि ते बसलेत शिवालिकच्या कालपरवाच्या गाळावर. खाली नातवंडं, त्यांच्या डोक्यावर खापरपणजोबा. अजून वर, बद्रीनाथच्या वाटेवर हेलंगपाशी, तिसरी मोठी रेघ, मेन सेंट्रल थ्रस्ट. तिथं तर जमिनीत खूप खोल भाजून निघालेले खडक कमी भाजलेल्यांवर आलेत. एरवी खोल जावं तशी उष्णता वाढते. तिथं चढावर चढत जावं तसे जास्त उष्णता सोसलेले खनिज दिसतात, आधी गार्नेट, मग कायनाइट.

या तीनही रेघा खोलवर एकाच सपाटशा तळरेषेला जाऊन मिळतात, तिला मेन हिमालयन थ्रस्ट म्हणतात. आतली रेघ जुनी, बाहेरची नवी. टाकीत अगदी हाच क्रम होता.

1983 साली डेव्हिस, सुप आणि डालेन या तीन संशोधकांनी हे गणितात बसवलं. डोझर माती ढकलतो तेव्हा पात्यापुढे जो पाचरीसारखा ढीग होतो, तसाच हा डोंगर, असं त्यांचं म्हणणं. मला खळ्यावरची फळी आठवते. आजोबा ज्वारी फळीनं लोटायचे तेव्हा पुढ्यातला ढीग एका ठरावीक उतारापर्यंत चढायचा आणि मग सगळाच्या सगळा सरकायचा. पाचर पुरेशी उभट नसेल तोवर ती आतून दुमडत, रचत राहते. हवा तेवढा उतार झाला की अख्खी पुढे घसरते आणि टोकाला नवी चकती जोडून घेते. उतार किती हवा हे तळ किती घासतो त्यावर. आम्ही दुसऱ्या दिवशी टाकीच्या तळाला सँडपेपर चिकटवून पुन्हा केलं. ढीग अरुंद आणि उभट झाला. भाचीनं दोन्ही वेळचे फोटो शेजारी ठेवले, तेव्हा न सांगताही कळलं.

उलट टोकाचं उदाहरण आपल्या उपवासाच्या डब्यात असतं. शेंदेलोण. ते पाकिस्तानातल्या सॉल्ट रेंजमधून, खेवड्याच्या खाणीतून पिढ्यान्‌पिढ्या येत होतं. पन्नास कोटी वर्षांहून जुना हा मिठाचा थर पोटवारच्या पठाराखाली पसरलाय. मीठ दाबाखाली मेणासारखं वाहतं, म्हणून वरचा सगळा गठ्ठा त्याच्यावरून फारसा न दुमडता दक्षिणेला सरकत आला. मोहंडला जो पट्टा बसनं तासाभरात ओलांडता येतो तो तिथं शंभर किलोमीटरहून रुंद आहे. त्या सरकण्याच्या पुढच्या टोकाशी मीठ उघडं पडलं, आणि म्हणून माणसाला सापडलं.

आता माझी चूक सांगते. ही अजून मनातून गेलेली नाही.

हिमाचलातल्या एका जलविद्युत प्रकल्पाचा बोगदा होता, नाव लिहीत नाही. डोंगरावरून फिरून, जिथं उघडा खडक दिसेल तिथं कल मोजून, मी जमिनीखालचा छेद काढला होता. त्यात एक थ्रस्ट होता. वर दिसला तिथून मी पट्टीनं सरळ रेघ खाली नेली आणि लिहिलं, बोगद्याला तो अजून दोनशे मीटर पुढे भेटेल. पुढे भोक पाडून आधी चाचपून बघावं असं मी सुचवलं होतं, पण दोनशे मीटर लांब आहे म्हटल्यावर वरच्यांनी ते पुढच्या महिन्यावर ढकललं. मीही जोर धरला नाही.

तो दोनशे मीटरवर नव्हता. मुख्य थ्रस्टची एक फांदी पुढे आली होती, आणि वर जमिनीवर ती कुठेच दिसत नव्हती. रात्रपाळीच्या ब्लास्टनंतर फोरमननं बोलावलं. फेसवर, म्हणजे बोगद्याच्या खोदत्या तोंडाशी, सकाळपर्यंत फायलाइट नावाचा खडक होता, पत्र्याच्या चळतीसारखा, पण उभा राहणारा. आता तिथं काळी ओली कणीक होती. बोट लावलं तर आत जात होतं आणि बाहेर काढल्यावर पेन्सिलीच्या शिश्यासारखं चकाकत होतं. त्या कणकेत क्वार्ट्झचे तुकडे होते, मसुराच्या आकाराचे पण तळहाताएवढे, सगळे एकाच दिशेला रेललेले. एक तुकडा काढून पुसला. एका बाजूला आरशासारखी झिलई, आणि झिलईवर बारीक समांतर ओरखडे. त्यांवरून तळवा फिरवला. ईशान्येकडून नैर्ऋत्येला हात सहज जात होता, उलट नेला तर बारीक पायऱ्यांना अडत होता. वरचा डोंगर याच दिशेनं, याच कणकेवरून चालत आला होता. बॅटरीच्या उजेडात तो तुकडा हातात धरून मी जितकी घाबरले होते तितकीच भारावले होते, हे खरं लिहायला हवं.

फोरमन म्हणाला, "मॅडम, पहाड़ आ रहा है।" तिकडे बोगद्यावर सगळे असंच म्हणतात. आठवडाभरात लोखंडी रिब आतल्या बाजूला वाकल्या, शॉटक्रीटला, म्हणजे भिंतींवर फवारलेल्या काँक्रीटला, भेगा गेल्या, आमच्या खुणांमधलं अंतर वीतभर कमी झालं. माणसं वेळेवर बाहेर काढली होती, कुणाला इजा झाली नाही. तीन महिने मात्र तिथंच गेले. नंतर मी छेद पुन्हा काढला, पट्टी बाजूला ठेवून, जिने आणि फांद्या दाखवून. आणि या वेळी तो उलगडून तपासला.

उलगडणं म्हणजे काय, ते आईनं नकळत शिकवलंय. नेसलेल्या साडीच्या निऱ्या वीतभर रुंदीच्या दिसतात, पण सोडवून पसरल्या तर तीन-चार हात कापड निघतं. कापड वाढत नाही, कमी होत नाही. छेदाचंही तसंच. रचलेल्या चकत्या कागदावर एकेक करून मागे सरकवायच्या, वळ्या सरळ करायच्या, आणि थर पुन्हा आडवे अंथरायचे. कुठे फट पडली, कुठे कापड जास्त झालं, तर छेद चुकला. सगळं जुळलं तर मूळ लांबीतून आजची लांबी वजा करायची, तेवढं कवच आखडलं. टाकीत 60 चे 40 झाले होते, म्हणजे एक तृतीयांश गेले. हिमालयात याच पद्धतीनं काही शे किलोमीटर येतात. माझा पहिला छेद उलगडला असता तर तो जुळला नसता. हे मी नंतर करून पाहिलं. तो कागद अजून फायलीत आहे.

आणि हे आखडणं संपलेलं नाही. भारत आणि आशियाची गाठ सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी पडली, तरी भारत अजून वर्षाला चार-एक सेंटीमीटर उत्तरेला रेटतोय. त्यातला निम्मा रेटा एकटा हिमालय पोटात घेतो. वर्षाला दोन सेंटीमीटर, बोटाचं जेमतेम एक पेर. पण टाकीतल्यासारखं हळूहळू नाही. ती तळरेषा उंच शिखरांच्या खाली, खोल उष्णतेत, सतत सरकते. तिच्या दक्षिणेचा शंभरेक किलोमीटरचा भाग मात्र अडकून बसलेला असतो, आणि खडक स्प्रिंगसारखा दबत राहतो. 4 एप्रिल 1905 ला कांगड्यात तो सुटला, सुमारे वीस हजार माणसं गेली. 25 एप्रिल 2015 ला नेपाळात सुटला, काठमांडूचा परिसर काही सेकंदांत जवळपास मीटरभर वर आला, पण भेग मैदानाच्या कडेपर्यंत पोचलीच नाही, मधेच थांबली. कांगड्यानंतर तिथं साठलेला हिशेब पेरापेराने केला तर अडीच मीटरच्या आसपास जातो. त्या खोऱ्यात आज चार-चार मजली घरं उतारावर खांब रोवून उभी आहेत, आणि मी तिथं ज्यांच्या घरी राहिले त्यांचंही तसंच आहे. मी त्यांना सांगितलं होतं. पुन्हा सांगणार आहे.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी भाचीनं टाकी रिकामी करू दिली नाही. म्हणाली, "मावशी, यात नद्या नाहीत." खरंच नव्हत्या. मग तिनं ढिगाचा माथा चमच्यानं थोडा खरवडला, आणि ती वाळू पायथ्याशी सपाट भागावर पसरली. वर निळ्या रांगोळीचा उरलेला पुडा चाळणीनं भुरभुरला, म्हणजे हा भाग ओळखू येईल. आणि फळीला हात लावून माझ्याकडे बघितलं.

आणखी चार सेंटीमीटर. आधी जुना ढीग नुसताच कुरकुरला. मग निळ्याच्या पुढच्या काठाशी, जिथं काहीच नव्हतं तिथं, केसाएवढी रेघ आली, आणि निळा पट्टा एका बाजूनं उचलला जाऊन तिरका झाला. त्याच्या मागे एक लहानशी खोलगट जागा राहिली.

"हे मोहंड," ती म्हणाली, आणि खोलगट जागेवर बोट ठेवून, "आणि हे डेहराडून."

टाकी अजून गॅलरीतच आहे, तशीच.